सिगारच्या डब्यातलं तांबं : प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५

न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या इतिहास संस्थेला देणगीत सिगारचा एक डबा आला आहे. संस्था हौशी, खोल्या चार. मी तिथे अधूनमधून मदतीला जातो आणि 'हा जुनी नाणी जमवतो' ही ख्याती आधीच पसरलेली, त्यामुळे डबा माझ्या गळ्यात पडला. आत चाळीसेक तांब्याची नाणी. बहुतेक १७९३ ते १८१४ मधले मोठे सेंट, थोडे अर्धे सेंट, आणि केंद्रीय टांकसाळ सुरू व्हायच्या आधी न्यू जर्सी राज्याने पाडून घेतलेले दोन पैसे. मोठा सेंट आपल्या राणीछाप रुपयापेक्षा जरासाच लहान. हातात घेतला की वजन जाणवतं.

विम्यासाठी यादी हवी आहे. प्रत्येक नाण्यापुढे तीन रकाने: ठसा कोणता, ग्रेड (नाणं किती टिकलंय) किती, अस्सल की नकली. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. लोक आधी 'खरं आहे का हो?' विचारतात, मग 'किती येतील?' आणि ठशाचं कुणी विचारतच नाही. या काळच्या तांब्याचं मात्र ठसा ओळखल्याशिवाय पान हलत नाही.

डब्यात दोन पिढ्या दिसतात. हा डबा मुळात जमवणाऱ्या आजोबांची नाणी आत सुती अस्तर असलेल्या कागदी पाकिटांत, वर शाईने लिहिलेलं. नंतर कुणीतरी घेतलेली सात-आठ मऊ प्लास्टिकच्या खिशांत. त्यातल्या दोन खिशांत हिरवट चिकट थर धरलाय. ती सगळी आजच बाहेर काढली. पीव्हीसी आणि तांबं यांचं कधीच पटत नाही.

२५ जानेवारी

वजनं. काटा शतांश ग्रॅमपर्यंत दाखवतो, तेवढा पुरे.

१७९३ च्या जानेवारीतल्या कायद्याने सेंटचं वजन २०८ ग्रेन ठरलं, म्हणजे १३.४८ ग्रॅम. मग तांबं महागलं आणि १७९५ च्या अखेरीस ते १६८ ग्रेनवर, १०.८९ ग्रॅमवर आलं. अर्धा सेंट त्याच्या निम्मा. म्हणजे १७९४ चा सेंट साडेदहा ग्रॅम भरला तर झीज गृहीत धरूनही काहीतरी गडबड आहे, आणि १८०२ चा तेरा भरला तरीही.

वजनाबरोबर कड बघायची. १७९३ च्या पहिल्या सेंटांच्या कडेवर वेल आणि उभ्या रेघा. मग 'वन हंड्रेड फॉर अ डॉलर' अशी अक्षरं. १७९५ मध्ये चकत्या पातळ झाल्यावर अक्षरांना जागाच उरली नाही आणि कड साधी झाली. नाणं ताटात ठेवून फक्त चेहरा बघणाऱ्याला हे दिसणारच नाही.

पहिला बळी कडेनेच दिला. पाकिटावर '१७९३, चेन'. मागच्या बाजूला पंधरा कड्यांची साखळी, पंधरा राज्यांसाठी. लोकांना ती साखळी स्वातंत्र्याचं नव्हे, गुलामीचं चिन्ह वाटली आणि टांकसाळीने काही आठवड्यांतच नक्षी बदलली. चेन सेंट जेमतेम ३६,१०३ पाडले गेले, त्यामुळे हे पाकीट उघडताना छाती थोडी धडधडली हे खरं. काट्यावर ११.२०. कडेवर वेल नाही, रेघा नाहीत; आहे ती मधोमध फिरणारी केसासारखी बारीक सांध्याची रेघ. एका जागी ती किंचित उकललेली, आत करडं शिसं. बोटावर तोलून टिचकी मारली तर आवाज बसका.

हा इलेक्ट्रोटाइप. एकोणिसाव्या शतकात अस्सल नाण्याचा साचा घेऊन, विजेच्या आंघोळीत तांब्याचे दोन पातळ पापुद्रे बनवायचे, पाठीला पाठ लावून मध्ये शिसं भरायचं. संग्रहालयं आणि संग्राहक रिकामी जागा भरायला हे उघड उघड वापरत, फसवायला नाही. आजोबांनाही बहुधा ठाऊक असावं. पाकिटाच्या मागे अगदी बारीक अक्षरात 'ई' लिहिलेलं आहे. यादीत: प्रतिकृती, तरी जपून ठेवावी.

२ फेब्रुवारी

ठशांचं काम सुरू.

ज्यांना या प्रकाराची सवय नाही त्यांच्यासाठी: त्या काळी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत प्रत्येक ठसा बऱ्याच अंशी हाताने तयार व्हायचा. अक्षरं आणि सालाचे आकडे एकेक करून पोलादात ठोकायचे. त्यामुळे दोन ठसे कधीच सारखे नाहीत. एकात 'लिबर्टी'चा आर वर चढलेला, दुसऱ्यात सालातला ७ स्वातंत्र्यदेवीच्या केसांना टेकलेला, तिसऱ्यात मागच्या बाजूच्या पानांच्या माळेच्या डाव्या फांदीवर एक फळ जास्त. पुढचा ठसा कोणता, मागचा कोणता हे ठरलं की जोडी ठरते, आणि प्रत्येक जोडीला क्रमांक आहे. हे क्रमांक विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये दिले. १७९३ ते १८१४ मिळून १ ते २९५, शिवाय जवळजवळ न मिळणाऱ्या जोड्यांची वेगळी यादी.

त्याच्याही आधी, १८६९ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर एडवर्ड मॅरिस यांनी १७९४ च्या सेंटांना नावंच ठेवली होती. 'व्हीनस मरिना', 'पॅटागोनियन', 'पडलेला चार'. पेशंट बघता बघता हा गृहस्थ नाण्यांवरच्या बाईचे चेहरे वाचत असणार. क्रमांकापेक्षा नाव पटकन डोक्यात बसतं, म्हणून जुने संग्राहक अजूनही नावानेच बोलतात.

आज १७९४ च्या तिन्ही सेंटांच्या जोड्या ओळखता आल्या. मागच्या किनारीवरच्या दातांच्या मधे बारीक चांदण्या आहेत का तेही प्रत्येकावर शोधलं. शेल्डन ४८ या जोडीवर ९४ चिमुकल्या चांदण्या आहेत, का आहेत ते आजवर कुणी खात्रीने सांगितलेलं नाही. आपल्याकडे नाहीत. बघायचं मात्र प्रत्येकाने बघावं, कारण झिजून गुळगुळीत झालेल्या नाण्यावरही चार-पाच चांदण्या तग धरून राहतात.

९ फेब्रुवारी

आजचा दिवस एकाच नाण्याने खाल्ला. १८०१ चा सेंट, काळपट, मध्यम झिजलेला, पाकिटावर काहीच लिहिलेलं नाही.

मागची बाजू भिंगाखाली. माळेच्या खाली अपूर्णांक: १ छेद १०० हवा होता. सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. इथे मात्र छेदात तीन शून्यं, एकचा पत्ताच नाही. १/०००. इथपर्यंत ठीक, त्या साली हा दोष एकापेक्षा जास्त ठशांत आहे. मग माळेच्या गाठीपाशी गेलो: उजवीकडे देठ आहे, डावीकडे नाही. आणि वर 'युनायटेड'चा यू? ठसेवाल्याने यू उलटा ठोकला, मग लक्षात आल्यावर त्याच जागी सुलटा ठोकला. वरखाली दोन्ही वाट्या मिळून दोन उभे खांब दिसतात, म्हणजे शब्द वाचला जातो 'आयआयनायटेड'. एका ठशात तीन चुका. शेल्डन २१९, संग्राहक याला 'थ्री एरर्स' म्हणतात.

तो ठसा कुणी तपासलाच नसेल असं नाही. पोलाद महाग, कारागीर मोजके, वारंवार पिवळ्या तापाच्या धास्तीने शहर रिकामं व्हायचं. ठसा मोडेपर्यंत चालवायचा हाच हिशेब.

ग्रेड उद्यावर.

१६ फेब्रुवारी

सांगलीहून मामांचा फोन. मामा शिवराई आणि कंपनीचे पैसे जमवतात, आणि माझ्या डब्याच्या बातम्या त्यांना दर रविवारी लागतात.

"काळी पडलीत म्हणतोस, मग चिंच लावून बघ की रे जरा. लख्ख होतील."

"मामा, तुम्ही तुमच्या शिवराईला चिंच लावता?"

"छे! ती वेगळी गोष्ट."

वेगळी काही नाही, हे त्यांनाही माहीत आहे. आपल्या घरात तांबं म्हटलं की हात आपोआप चिंचेकडे जातो. बंबाला ते बरोबरच. नाण्याचं मात्र त्यात वरचं कातडंच जातं. आम्लाने घासलेला सेंट आधी गुलाबी दिसतो, मग काही वर्षांनी डागाळलेला, नारिंगी-तपकिरी, आणि दोनशे वर्षांचा मूळ रंग परत कधीच येत नाही. काही जण मग गंधकाने पुन्हा काळा करतात. तो काळा एकसारखा सपाट असतो, अक्षरांच्या कोपऱ्यात आणि उंचवट्यावर सारखाच. खऱ्या जुन्या रंगात चढउतार असतात.

मी करतो ते एवढंच: झायलीन या द्रावकाचे दोन-चार थेंब, खिडकी उघडी, मऊ केसांचा ब्रश, आणि लाकडी काडीने सैल झालेली घाण. घट्ट बसलेली गंजाची हिरवी खपली तशीच सोडायची. ओढली तर खाली खड्डा निघतो.

मामांनी फोनवर त्यांचा १८०४ चा तराजूचा पैसा दाखवला. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईसाठी पाडून घेतलेला, एका बाजूला कंपनीचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू आणि पारड्यांच्या मधे फारसी लिपीत 'अदल'. हा पैसा बर्मिंगहॅमजवळच्या सोहो इथे मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यात वाफेच्या यंत्रावर पाडला गेला. आणि माझ्या डब्यातले १८०० नंतरचे बरेचसे सेंट? फिलाडेल्फियाची टांकसाळ तेव्हा कोऱ्या चकत्या बोल्टनकडूनच पिंपांत भरून मागवत होती. त्याआधीच्या चकत्या भंगार तांब्याच्या, फुगलेल्या, चिरा गेलेल्या, बोल्टनच्या गुळगुळीत. मामांच्या पैशाचं आणि माझ्या सेंटाचं तांबं एकाच गोदामातून निघालेलं असणं शक्य आहे म्हटल्यावर ते खूश. १८१२ च्या युद्धात इंग्लंडचा माल बंद झाला, साठा संपला आणि १८१५ सालाचा सेंट निघालाच नाही. डब्यात एका पाकिटावर पेन्सिलीने '१८१५?' लिहून आत काहीच ठेवलेलं नाही. आजोबांचा विनोद.

२३ फेब्रुवारी

ग्रेड.

सत्तरचा मापदंडही शेल्डनचाच. त्याची मूळ कल्पना सरळ बाजारी होती: एका ठशाच्या सर्वांत झिजलेल्या नाण्याची किंमत एक धरली तर सर्वोत्तम नाण्याची सत्तरपट. भाव पुढे कुठल्या कुठे गेले, गणित कोसळलं, आकडे तेवढे जगभर राहिले. ४ म्हणजे गुड, १२ फाइन, २० व्हेरी फाइन, ४० एक्स्ट्रिमली फाइन, ६० च्या पुढे न वापरलेलं.

मी अर्ली अमेरिकन कॉपर्स या १९६७ पासूनच्या संग्राहक संस्थेची पद्धत वापरतोय. आधी फक्त झीज बघून आकडा द्यायचा, मग पृष्ठभागाचे दोष वजा करायचे. त्या 'थ्री एरर्स'चे केस आणि पानं १५ च्या तोडीची आहेत. पण पूर्ण पृष्ठभागावर बारीक खड्डे, कडेला एक मोठा ठोका. निव्वळ ८. ग्रेड देणाऱ्या व्यापारी कंपनीच्या प्लास्टिकच्या डबीत हेच नाणं याहून वरच्या आकड्याने विकलं गेलं तर मला नवल वाटणार नाही. तिथे तपशिलाला जास्त मान आणि पृष्ठभागाला सूट. मला ते पटत नाही. तांब्यात पृष्ठभाग हेच नाणं आहे. चांदी दोष लपवते, तांबं प्रत्येक ओल्या कपाटाची आठवण अंगावर ठेवतं.

ठसा आधी का, याचं उत्तर इथेही मिळतं. १८०३ च्या एका सेंटावर केस सपाट दिसतात, पण त्या जोडीचा ठसाच तिथे उथळ आणि थकलेला आहे. हे माहीत नसेल तर नाणं उगाच खालच्या ग्रेडला जातं.

शेल्डनचं नाव घेतो तेव्हा बाकीचंही लिहून ठेवायला हवं. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट त्याने काढून घेतले आणि त्यांच्या जागी त्याच ठशाचे हलक्या प्रतीचे नग ठेवले. शंभरावर नाणी. तो १९७७ मध्ये वारला. प्रकरण पुढे बाहेर आलं, कारण जुन्या संग्रहाचे फोटो शिल्लक होते आणि ओरखडे खोटं बोलत नाहीत. क्रमांक त्याचे वापरतो, माणसाबद्दल आदर नाही. या यादीतल्या प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढायचे, हे आजच संस्थेला कळवलं.

२ मार्च

पाकीट: '१७९९'. सगळ्या मालिकेतलं सर्वांत कठीण साल, म्हणून नकलाही सर्वांत जास्त. सोपी युक्ती म्हणजे १७९८ च्या सेंटातल्या ८ चा ९ करणे.

अवघड भाग असा की एका अस्सल १७९९ वर, शेल्डन १८८ वर, शेवटच्या ९ खाली ८ खरोखरच दिसतो. टांकसाळीनेच जुन्या ठशावर नवा आकडा ठोकला होता. म्हणजे ८ चा माग दिसला म्हणून खोटं, आणि दिसला नाही म्हणून खरं, दोन्ही निष्कर्ष पोकळ. आकड्याकडे बघूच नये. उरलेल्या नाण्याकडे बघावं. शेल्डनने १७९९ ला दोनच क्रमांक दिले, १८८ आणि १८९. या नाण्याच्या मागच्या बाजूची पानांची टोकं आणि अक्षरं दोन्हींशी जुळत नाहीत. जुळतात ती १७९८ च्या एका जोडीशी, अगदी पानाच्या टोकाशी आलेल्या भेगेसकट. त्यानंतर आकड्यावर तिरका प्रकाश टाकला, तेव्हा ९ च्या शेपटीभोवती तांबं खरवडल्याची उथळ वाटी दिसली. निकाल त्याआधीच लागला होता.

यादीत: १७९८, साल बदललेलं.

१५ मार्च

अर्धा सेंट, १७९५. स्वातंत्र्यदेवीच्या खांद्यामागे टोपी आहे, पण टोपीची दांडी नाही. ठसा घासून पुन्हा वापरताना ती पुसली गेली. वजन ५.३१.

देवीच्या गालावर आणि मागच्या मोकळ्या जागेत आडव्या-तिरप्या बारीक रेघा. पहिल्यांदा ओरखडे वाटतात. पण ओरखडा खोल जातो, या रेघा उठावाच्या आहेत. नाणं प्रकाशात हळूहळू फिरवत गेलो आणि एका कोनात त्या एकदम जुळल्या: जहाजाची डोलकाठी, तिच्यापासून उतरणारे दोर.

न्यूयॉर्कच्या टॅलबट, अ‍ॅलम अँड ली या व्यापाऱ्यांचं टोकन. भारताशी व्यापार करणारी पेढी. १७९४ आणि १७९५ सालाची त्यांची सेंटएवढी टोकनं, एका बाजूला जहाज, दुसरीकडे व्यापारी मालाच्या गाठोड्याशेजारी उभी स्वातंत्र्यदेवी. तांब्याच्या टंचाईत टांकसाळीने १७९५ मध्ये ती हजारोंनी विकत घेतली, मधून गोल कापून काढले आणि त्यांवरच अर्धे सेंट पाडले. टोकनाच्या काठावरची अक्षरं कापताना गेली, मधलं जहाज राहिलं. नकली नाण्यावर असं काही कुणी मुद्दाम आणू म्हणेल तर त्याला आधी अख्खी टांकसाळ उभारावी लागेल. पृष्ठभाग करकरीत तपकिरी, ग्रेड २०, वजावट नाही. डब्यातलं माझं सर्वांत आवडतं नाणं हेच.

२२ मार्च

न्यू जर्सीचे दोन पैसे. १ जून १७८६ च्या कायद्याने राज्याने तीस लाख पैशांचं कंत्राट दिलं, प्रत्येकी १५० ग्रेन. एक टांकसाळ राहवेला होती, आमच्यापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. घोड्याचं डोकं, खाली नांगर. मागे ढाल आणि 'ई प्लुरिबस उनम', जे अमेरिकी नाण्यावर पहिल्यांदा इथेच आलं. ठशांची वर्गवारी पुन्हा डॉ. मॅरिस यांचीच, १८८१ ची.

एक साधा. दुसरा 'उंटाचं डोकं' म्हणतात तो, मॅरिस ५६-एन. घोडा खरंच उंटासारखा दिसतो. हे बहुधा दुसऱ्या नाण्यांवर पाडलेले असतात, आणि इथेही घोड्याच्या मानेवर 'सीटीओआरआय' वाचता येतं. कनेटिकटच्या पैशावरच्या 'ऑक्टोरी'चा तुकडा. दोन्ही अस्सल.

५ एप्रिल

प्लास्टिकच्या खिशांतली. शेवटी ठेवली होती, कारण ती नकोशी वाटत होती.

१७९६ चा टोपीवाला सेंट. वजन १०.७१, पाण्यात तोललं तर १.२१ ची घट, म्हणजे घनता ८.८५. शुद्ध तांबं. कड साधी, साल योग्य, ठशांची जोडीही शेल्डनच्या यादीतली. जुन्या चाचण्यांत हे नाणं सुखरूप पास होतं. ओतीव नक्कल नाही, ठशाखाली पाडलेलंच आहे.

पण देवीच्या मानेवर एक वाकडा ओरखडा आहे आणि घड्याळात दहा असतात त्या जागी किनारीला खाच. हाच ओरखडा आणि हीच खाच मला लिलावांच्या जुन्या फोटोंत याच जोडीच्या दुसऱ्या दोन नाण्यांवर सापडली. ठशातली भेग शंभर नाण्यांवर येईल, ती उठावाची असते. खिशात किल्ल्या घासून पडलेला ओरखडा एकाच नाण्याचा. तो तीन नाण्यांवर असेल तर कुणीतरी एका अस्सल नाण्यावरून ठसा तयार केला आणि त्या नाण्याचे घावही त्यात उतरले. भिंगाखाली ओरखड्याचा तळ मऊ, गोलसर. धातू कापल्याची धार नाही. आणि ओरखड्याच्या आतही बाहेरचाच रंग.

१९७३ च्या कायद्याप्रमाणे अशा नकलेवर 'कॉपी' असं कोरलेलं हवं. नाही. त्याच खिशांतलं आणखी एक, १७९८ चं, याच भावंडांपैकी वाटतं. तुलनेला फोटो अजून एकच मिळाला आहे, म्हणून त्याच्यापुढे 'निर्णय राखून' लिहिलं.

१२ एप्रिल

यादी दिली. नकला वेगळ्या पेटीत, लाल चिठ्ठी लावून. संस्थेच्या एका सभासदाला त्या फेकून द्यायच्या होत्या, मी नको म्हटलं. शिकवायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. बाकीची सुती अस्तराच्या नव्या पाकिटांत, जुनी पाकिटंही सोबत, '१८१५?' वालं रिकामं धरून. पेटीत आर्द्रता शोषणाऱ्या पुड्या टाकल्यात. न्यू जर्सीच्या जुलैत त्या दोनदा बदलाव्या लागतील, तारीख झाकणावर लिहिली आहे. १७९८ चा प्रश्न मे महिन्यातल्या नाणे-मेळाव्यात घेऊन जाणार, तिथे या जोडीचे निदान दोन अस्सल नग टेबलावर येतील असं एका जुन्या संग्राहकाने कळवलंय.